वैजूच्या नावाचे लाडू

“अनुसया महादेव साळुंखे कोण?” पाकीट उलटसुलट करत मॅडमनी विचारलं.

“मीच की. आजून कोण असणार?” आक्का म्हणाली आणि पदर सारखा करून फोटोला बसल्यासारखी ताठ बसली.

मी सैपाकघरात होते. मधल्या दाराला माझ्या जुन्या मोरपंखी साडीचा पडदा होता, धुऊन धुऊन विटलेला. त्याच्याआड उभी राहून मी परातीतली खारीक उगाच खालीवर करत होते. सगळं काम कानांना होतं, हातांना नव्हतं.

मॅडम म्हणजे नलावडे आडनावाची पोरगीच, पंचविशीच्या आतबाहेरची. शहरातल्या एका मोठ्या दुकानानं आमचे बाळंतिणीचे लाडू ठेवायचं मनावर घेतलं होतं. पण त्यांची रीत अशी, की आधी त्यांचं माणूस येऊन पाकिटावरचं लेबल कायद्यात बसतंय का ते बघणार, माल बनतो-ठेवतात ती जागा बघणार, आणि मग काय ते सांगणार. आमच्या मालकांची कंबर गेली होती, ते अंथरुणाला खिळलेले. दुकान मिळालं तर मला घरात बसून वर्षभर काम होतं. नाही मिळालं तर पुन्हा लोकांच्या द्राक्षबागेत उन्हातान्हात हात वर करून उभं राहायचं, आणि घरी मालकांना पाणी द्यायला कोणी नाही.

“किलोला डिंक किती पडतो, काकू?” मॅडमनी विचारलं.

“पडतो की. लागंल तसा.”

“लागेल तसा म्हणजे?”

मी पडद्याआडून हळूच म्हणाले, “पावशेराच्या आत.”

“पावशेराच्या आत,” आक्का मोठ्यानं म्हणाली.

“आणि खारीक?”

“त्याच्या वर,” मी.

“त्याच्या वर,” आक्का.

मॅडम हसली. “आत कोण आहे?”

“माझी धाकटी जाऊ. मालन. हाताखाली असती माझ्या.”

हाताखाली. हे शब्द आमचे ठरलेलेच होते, मीच ठरवलेले. तरी ते पडद्यातून पलीकडून अलीकडं आले आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“त्यांनाही बोलवा ना. दोघी बसा.”

मी बाहेर आले आणि उंबऱ्याला टेकून बसले. मॅडमनी पाकीट जमिनीवर ठेवलं, पेन काढलं आणि शाळेतल्या बाईंसारखं एकेक दाखवायला लागली. हिरवा ठिपका आहे, पण तो चौकोनात पाहिजे. वजन आहे, पण अक्षर फार बारीक. बदाम आहेत, गोडंबी आहे, तूप आहे. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी ते वेगळं सांगायला पाहिजे.

“आणि काकू, घटक लिहिताना डिंक पहिला लिहिलाय तुम्ही.”

“डिंकाचा लाडू हाय, मग डिंक पुढं नको व्हय?” आक्का म्हणाली. “नवरदेवाला मागं बसवून वऱ्हाड पुढं काढायचं का?”

“वजनानं जे जास्त, ते आधी. म्हणजे खारीक, गूळ, खोबरं… डिंक मागे जातो.”

“बिचारा,” आक्का म्हणाली.

“आणि हे ‘बाळंतिणीला भरपूर दूध येते’, हे काढायचं.”

“का? येत न्हाई? चार लेकरं पाजलीत मी ह्याच लाडवांवर.”

“येत असेल. पण सिद्ध केल्याशिवाय पाकिटावर असं लिहिता येत नाही.”

आक्कानं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. मला हसू आलं. त्या क्षणी मला वाटलं, निभावलं. आपण दोघी तरून गेलो.

आक्का आणि मी एकाच घरात आलेल्या, ती थोरल्याला, मी धाकट्याला. मागून घराच्या दोन वाटण्या झाल्या आणि मध्ये एक बोळ राहिला. पण तिची चारही लेकरं माझ्या पायांवर न्हाली. थोरली वैजू तर दूध प्यायला तेवढी आईकडं, बाकी सगळी माझ्याकडं. लाडू वळताना मी तिच्याच नावानं ओवी म्हणायची, माझीच जुळवलेली:

डिंकाचा लाडू बाई, तूप सुटलं बोटाला
वैजू माझी ग मैना, बळ येऊ दे पाठीला

ओवीत दुसऱ्याच्या लेकीला आपली म्हणता येतं. तिथं कोणी कागद मागत नाही.

मॅडमनी मात्र कागद मागितला. “लायसन दाखवता?”

मी उठून फडताळातून ते आणलं. मॅडमनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा पाकिटाकडं.

“लायसनवर नाव मालन सर्जेराव साळुंखे. लेबलवर अनुसया महादेव. हे कसं?”

बोळात कोंबडी माती उकरत होती, तिच्या नख्यांचा आवाज येत होता.

“लाडू बनवतं कोण?” मॅडमनी विचारलं. आवाज मऊच होता. पण ती आता माझ्याकडं बघत होती. माझ्या बोटांकडं, नखांच्या कडेला बसलेल्या गुळाच्या काळ्या रेघांकडं.

“मी,” मी म्हणाले.

“मग लेबलवर तुमचं नाव पाहिजे. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, जसा लायसनवर आहे तसाच. बाकीचं सगळं किरकोळ आहे, हे नाही. यात बदल केल्याशिवाय मी पुढं पाठवू शकत नाही.”

“तिचं नाव चालायचं न्हाई,” आक्का म्हणाली.

“का?”

आक्कानं तोंड फिरवलं. मला कळलं, की हे तिच्याकडून वदवून घेणं बरं नाही. ज्याचं त्यानं बोलावं.

“मला मूलबाळ नाही, मॅडम,” मी म्हणाले. “आणि हे बाळंतिणीचं खाणं.”

आयुष्यभर लोकांनी हे माझ्यामागं म्हटलेलं. परक्या माणसापुढं मी माझ्या तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं, आणि तेही लाडवाचं पाकीट मध्ये ठेवून. साडीला चिखल लागल्यासारखं मी गुडघ्यावरचा पदर झाडला.

मॅडमचं पेन थांबलं. “काकू, कायद्यात तसं काही नाही.”

“कायदा लाडू खाणार न्हाई, बाई,” आक्का म्हणाली. “खाणार त्या बाळंतिणी. आन् त्यांच्या सासवा इचारणार, कुणाच्या हातचं हाय म्हणून. हिच्या ओटीत कुणी कधी मूठभर गहू घातलं न्हाईत, आन् हिच्या हातचं खाऊन दूध कसं येईल, असं म्हणत्यात लोकं. मी म्हणत न्हाई, लोकं म्हणत्यात. म्हणून मी म्हटलं, माझं नाव लाव.”

ते खरं होतं. पहिल्या वर्षी माझे लाडू तीन घरांतून परत आले होते, फडक्याची गाठ न सोडता. तेव्हा आक्कानंच वाट काढली होती. त्यानंतर एकही परत आला नाही. बारशाला गेली की बाया आक्काला पाटावर बसवायच्या, ‘अनुसयाबाईंचे लाडू’ म्हणायच्या, आणि ती घरी येऊन मला सगळं सांगायची. मी ऐकायची. मला तिचा राग कधी आला नाही. आडोसा दिला होता तिनं मला.

“मग लायसनच यांच्या नावावर करून घ्या,” मॅडम म्हणाली.

“न्हाई. नाव घ्या माझं. सरकारी कागदावर अंगठा मागू नका. आमच्या बापाची जमीन अंगठ्यानंच गेली.”

“मग काहीतरी एक ठरवा, काकू. मी तोवर माल ठेवायची जागा बघते. लेबलवर पत्ता यांच्या घराचा आहे ना?”

आम्ही बोळ ओलांडून आक्काच्या घरात गेलो. सकाळीच मी तिच्या आतल्या खोलीतली फळी पुसून त्यावर पाकिटं रचली होती. मॅडमनी फळी बघितली, भिंतीला ओल आहे का बघितलं. मग ती नाक वर करून थांबली.

“तुपाचा वास येतोय. खवट.”

“मांजरानं काय आणून टाकलं आसंल,” आक्का म्हणाली.

“इथून येतोय.” फळीखाली पत्र्याची पेटी होती. “यात काय आहे?”

“जुनी लुगडी.” आक्का पेटीवर बसली. पाय दुखल्यावर बसतात तशी नाही, एकदम.

“काकू, खराब माल चांगल्या मालाजवळ असला तर मला तो बघायलाच लागेल. लेबलवर पत्ता हाच आहे.”

आक्का उठेना. मी तिचा हात धरला, मला वाटलं चक्कर आली. हात गार होता. “ऊठ आक्का,” मी म्हणाले, “लुगडीच तर आहेत. बघू दे की.”

ती उठली. माझ्यामुळं उठली.

मॅडमनी झाकण उघडलं. वर दोन लुगडी होती. त्याखाली मोरपंखी कापडात बांधलेलं गाठोडं. सैपाकघराच्या दाराला जो पडदा होता त्याच साडीचं अर्धं कापड. ते मी कुणासाठी फाडलं होतं, ते मला गाठ सुटायच्या आधीच कळलं. तरी माणूस वेडं असतं. वाटलं, नुसतं कापड असेल. दुसरं काही बांधलं असेल.

मॅडमनी गाठ सोडली. आत पाकिटं होती, एकही न फोडलेलं. तिनं वरच्या पाकिटावरची तारीख वाचली.

“फेब्रुवारी. म्हणजे नऊ महिने झाले.”

त्या फेब्रुवारीत मी कुणाचंच काम घेतलं नव्हतं. वैजूचं पहिलं बाळंतपण पुण्याला तिच्या सासरी व्हायचं होतं, आक्का सव्वा महिना तिथं राहणार होती. सगळ्यांत चांगला डिंक आणून, घरी लोणी कढवून मी फक्त वैजूचे लाडू केले होते. गाडीत पाकिटं आदळू नयेत म्हणून साडी फाडून गुंडाळले होते. आक्का गाठोडं कडेवर घेऊन स्टँडकडं जाताना मी बघितलं होतं. आणि पंधरा दिवसांनी वैजूचा फोन आला होता, “काकी, लाडू लई ग्वाड झालेत गं.” त्या दिवशी मी मालकांना दोनदा चहा दिला होता.

मी आक्काकडं बघितलं नाही. मला बघवेना. चोरी तिची पकडली गेली होती आणि मान माझी खाली गेली होती. वाटलं, जमिनीतला शेणाचा पोपडा उचलावा आणि त्याखाली जाऊन बसावं, आम्ही दोघींनीही.

“काकू, हे काय आहे?” मॅडम आक्काला विचारत होती. “मुदत संपलेला माल विकता का तुम्ही?”

आक्का लुगडी उगाच सारखी करायला लागली. बारशाच्या घोळक्यात बोलणारी बाई ती.

“मी ठेवलेत, मॅडम,” मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

“किती दिवस टिकतात ते बघायला. पाकिटावर दोन महिने लिहिलंय, ते खरं का खोटं कळायला नको? आमच्याकडं येणारं-जाणारं फार, म्हणून आक्काच्या पेटीत ठेवायला दिले. लक्षातच राहिलं नाही.”

मॅडमचा चेहरा उजळला. “अहो, हे चांगलं केलंत. मुदत कशावरून लिहिली विचारलं की सगळे अंदाजानं म्हणतात. पण असं एकदम नऊ महिने नाही ठेवायचं, दर पंधरा दिवसांनी एकेक फोडून बघायचा.” तिनं एक पाकीट फोडलं, लाडू मोडला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. “खवट. पण आतून बुरशी नाही. दोन महिने बरोबर आहे तुमचं. पुढच्या वेळी चांगल्या मालाजवळ ठेवू नका फक्त.”

ती लिहायला लागली. पेनाचा आवाज तेवढा येत होता.

“मॅडम,” आक्का म्हणाली. “ते माझं नाव खोडा.”

“म्हणजे?”

“तिचं लिवा. मालन सर्जेराव. पत्ता बी तिचाच लिवा.”

“पण मघाशी तुम्ही म्हणालात, लोक…”

“लिवा म्हटलं ना.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं जुन्या लेबलावर आडवी रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. मी ते बघत उभी राहिले. एखाद्या बाईला भर माणसात पदर ओढून पाटावर बसवावं आणि मनात नसताना तिनं नाही म्हणू नये, तसं मला वाटत होतं. हवं होतं ते मिळालं होतं. असं मिळायला नको होतं.

दिवेलागणीला आक्का बोळातून आली. हातात गाठोडं. सैपाकघरात माझ्यासमोर बसली. गॅसवर पिठल्याचं आधण होतं.

“हे टाकता येत न्हाईत,” ती म्हणाली.

“मग इतके दिवस?”

“बाळंतिणीच्या नावाचं खाणं टाकलं की अंगावरचं दूध आटतं. गाईगुरांना घालता येत न्हाई, दुसऱ्याला देता येत न्हाई. वैजूला दूध चांगलं हुतं. मी कशी टाकू?” ती गाठीशी चाळा करत होती. “स्टँडवर जाऊन माघारी आले मी त्या दिवशी. तू पाण्याला गेलेलीस. पेटीत ठिवलं आन् दुसऱ्या गाडीनं गेले. रोज वाटायचं, बास आता. झाकण उघडायची आन् लावायची.”

“मग वैजूनं खाल्ले ते कुणाचे?”

“माझ्या भनीनं करून दिलेले.”

“तिला काय सांगितलंस?”

आक्कानं गाठ आणखी आवळली. “काकीचे म्हणून,” ती म्हणाली.

आधण उतू गेलं. मी गॅस बारीक केला. मला पुष्कळ विचारायचं होतं. गावातल्या लेकीसुनांना चालत होते, ते तुझ्या लेकीला का चालले नाहीत. तू लोकांचं म्हणणं सांगत होतीस का तुझं. पण तिच्या पायाचा अंगठा जमीन उकरत होता, लहान पोरीसारखा. मग मी नाही विचारलं.

तिनं गाठ सोडली. मॅडमनी फोडलेल्या पाकिटातला लाडू काढला. “तू कधी खाल्लायस, मालन?”

“लाडू?”

“तुझ्या हातचा.”

“नाही. वासावर कळतं मला.”

“एक बी न्हाई?”

“बाळंतिणीचं खाणं आक्का. मी कशी खाऊ?”

तिनं लाडू दोन्ही हातांनी मोडला. सुकून दगड झाला होता, जोर लावायला लागला. अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

“खा,” ती म्हणाली.

“खवट आहे.”

“हाय म्हाईत.”

तिनं तिचा तोंडात घातला. मीही घातला. तूप जिभेला कडू लागलं, खोबऱ्याला जुनाट वास होता. पण त्या सगळ्याच्या मागून, दाढेखाली डिंकाची लाही फुटली तेव्हा, जायफळ आलं. मला वाटलं, अस्सं. असा लागतो तर. आक्का तोंड न वाकडं करता सगळा चावून गिळत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हती. आम्ही दोघींनी बोटंसुद्धा चाटली. उरलेले सगळे परसातल्या शेवग्याच्या मुळाशी खड्डा करून मातीच्या पोटात घातले. काळ्या आईच्या पोटात घातलं म्हणजे टाकलं असं होत नाही, हे आक्काच म्हणाली.

ह्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. दुकानानं माल घेतला, अजून घेतं. गावातल्या काही घरांनी माझं नाव बघून लाडू सोडले, त्यातली काही हळूहळू परत आली, काही नाही आली. मालक असेपर्यंत मी त्यांना सोडून कुठं कामाला गेले नाही.

वैजूचं दुसरं बाळंतपण माहेरीच झालं. खाटेवर बसून ती लाडू खात होती, मांडीवर लेक. पायथ्याशी आक्का बाळाची दुपटी घडी करत होती. वैजूनं अर्धा लाडू खाल्ला आणि पाकिटावरचं माझं नाव वाचून हसली.

“चांगले झालेत काकी. पण खरं सांगू? पहिल्या खेपेला केलेलेस तसे न्हाईत गं. त्येची चवच न्यारी हुती.”

आक्काच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. ती मान वर करेना.

“त्या वेळी तूप चांगलं मिळालं होतं,” मी म्हणाले, आणि आक्काच्या हातातलं दुपटं काढून घेऊन घडी घातली.